भावफरकाचा पैसा कशाला बांधलेला असतो? अमेरिकेतल्या एका गहू-काउंटीचा हिशोब

सोयाबीन हमीभावाच्या खाली गेलं की आपल्याकडे एक वाक्य हमखास ऐकू येतं: अमेरिकेत बघा, भाव पडला की सरकार फरकाची रक्कम सरळ शेतकऱ्याच्या खात्यात टाकतं. वाक्य खोटं नाही, पण त्यात मुद्द्याची गोष्ट सुटते. फरक नेमका कशावर मोजायचा? बाजारात विकलेल्या पोत्यांवर, शेतात उभ्या असलेल्या पिकावर, की जमिनीच्या जुन्या नोंदीवर? या प्रश्नाच्या उत्तरावर ठरतं की पैसा कसणाऱ्याच्या हातात पडणार की मालकाच्या. अमेरिकेने गेल्या नव्वद वर्षांत ही तिन्ही उत्तरं वापरून पाहिली आहेत. म्हणून तिथला हिशोब मुळापासून समजून घ्यायला हवा.

उदाहरणासाठी कॅन्सस राज्यातली समनर काउंटी घेऊ. काउंटी म्हणजे राज्याच्या खालचा प्रशासकीय भाग. आपला जिल्हा आणि तालुका यांच्या मधलं काहीतरी. समनर काउंटी ओक्लाहोमाच्या सीमेला लागून आहे. क्षेत्रफळ सुमारे ३,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्रातले सरासरी साडेतीन तालुके मावतील एवढं, आणि २०२० च्या जनगणनेनुसार वस्ती फक्त २२ हजारांच्या आसपास. सगळीकडे गहू. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरायचा आणि जूनमध्ये काढायचा. ‘जगाची गव्हाची राजधानी’ असं ही काउंटी स्वतःला मोठ्या अभिमानाने म्हणवून घेते.

अशा शेतीप्रधान काउंट्यांसाठी केंद्र सरकारच्या कृषी खात्याची, ‘फार्म सर्व्हिस एजन्सी’ची, स्थानिक कार्यालयं असतात. देशभरात ती दोन हजारांहून जास्त आहेत. प्रत्येक शेताला तिथे एक नंबर असतो, आपल्या गट नंबरासारखा, आणि त्या नंबराची एक फाइल. फाइलमध्ये मालक कोण, प्रत्यक्ष कसणारा कोण आणि पिकात कुणाचा किती वाटा, हे वेगवेगळं लिहिलेलं असतं. हे ‘वेगवेगळं’ लक्षात ठेवा, पुढे त्याची गरज पडेल.

फरक कसा मोजतात

सध्याच्या मुख्य योजनेचं नाव ‘प्राइस लॉस कव्हरेज’, थोडक्यात पीएलसी. संसद कायद्यातच प्रत्येक पिकाचा एक संदर्भ भाव लिहून ठेवते. गव्हाचा २०१४ पासून बुशेलला ५.५० डॉलर होता. गव्हाचं एक बुशेल म्हणजे २७ किलोच्या थोडं वर. वर्षभराचा देशाचा सरासरी बाजारभाव संदर्भ भावाच्या खाली गेला की दोन्हींतला फरक सरकार देतं.

२०१९ च्या पिकाचं प्रत्यक्ष घडलेलं गणित पाहू. त्या वर्षी देशाची सरासरी ४.५८ डॉलर निघाली. फरक ९२ सेंटचा. समजा, एका शेताच्या फाइलवर गव्हाचे १०० ‘बेस एकर’ (हे काय प्रकरण, ते पुढे येईल) आहेत आणि एकरी उतारा ४० बुशेल नोंदवलेला आहे. १०० एकरांपैकी ८५ टक्केच धरायचे असतात, म्हणून ८५ एकर. गुणिले ४०, म्हणजे ३,४०० बुशेल. गुणिले ९२ सेंट, म्हणजे ३,१२८ डॉलर. त्यातून केंद्राच्या खर्चकपातीच्या नियमाने पाच-सहा टक्के कापले जातात. उरलेली रक्कम तेव्हाच्या विनिमय दराने दोन लाख रुपयांच्या वर जाते.

एक आकडा मात्र आपल्या चर्चेत कधी येत नाही. ५.५० डॉलर बुशेल म्हणजे क्विंटलला साधारण २० डॉलर, २०१९ च्या दराने १,४०० रुपयांच्या आसपास. त्याच हंगामात भारतात गव्हाचा हमीभाव १,८४० रुपये होता. म्हणजे अमेरिकेने हमी दिलेला भाव आपल्यापेक्षा मोठा नाही. फरक आहे तो हमी पाळण्याच्या पद्धतीत. तिथे सरकार गहू विकत घेत नाही, गोदामं भरत नाही. भाव पडायचा तेवढा पडू देतं आणि खड्डा पैशाने भरतं.

आणि पैसा येतो केव्हा? २०१९ चा गहू जून २०१९ मध्ये निघाला. गव्हाचं विक्री-वर्ष १ जून ते ३१ मे. म्हणजे सरासरी भाव ठरायलाच मे २०२० उजाडला, आणि पैसे ऑक्टोबर २०२० मध्ये आले. कापणीनंतर सोळा महिन्यांनी. भाव पडला आणि दुसऱ्या दिवशी खात्यात पैसे, असं चित्र आपल्याकडे रंगवलं जातं, तसं तिथे काही होत नाही. मधल्या काळात शेतकरी बँकेच्या कर्जावर चालतो आणि बँक ती फाइल बघूनच कर्ज देते.

बेस एकर: सगळी मेख इथे आहे

वरच्या हिशोबात ‘१०० बेस एकर’ म्हटलं, ‘१०० एकर गहू पेरला’ असं म्हटलं नाही. तसं म्हटलं असतं तर ते चुकीचं झालं असतं. बेस एकर म्हणजे त्या जमिनीवर पूर्वी कधीतरी कुठलं पीक किती घेतलं जायचं, त्याची सरकारदरबारी गोठवलेली नोंद. या नोंदीची मुळं १९८० च्या दशकात आहेत. २००२ मध्ये ती दुरुस्त करायची मुभा मिळाली, २०१४ मध्ये पिकांची आपसात अदलाबदल करू दिली. पण तत्त्व तेच राहिलं: पैसे जुन्या नोंदीवर मिळणार, या वर्षी काय पेरलं त्यावर नाही.

याचे परिणाम ऐकले की माणूस थबकतो. समनर काउंटीतल्या त्या शेतावर या वर्षी गव्हाऐवजी सोयाबीन पेरलं, तरी गव्हाचा भाव पडला म्हणून गव्हाचे पैसे मिळतात. काहीच पेरलं नाही, जमीन नुसती तण न माजू देता नीट राखली, तरी मिळतात. उलट एखाद्याने बेस नसलेल्या जमिनीवर मर मर करून गहू पिकवला आणि मातीमोल विकला, तर या योजनेतून त्याला एक सेंट मिळत नाही. फळं-भाजीपाला ठराविक मर्यादेपेक्षा जास्त लावला तर मात्र रक्कम कापली जाते. ती अट भाजीपाला पिकवणाऱ्यांच्या दबावाने आली, कारण अनुदानाच्या बळावर कुणी त्यांच्या बाजारात उतरू नये.

विक्रीची पावती कुणी मागत नाही. तुम्ही चांगल्या दिवशी चढ्या भावात विकलं की घाईत पडत्या भावात, याच्याशी सरकारला घेणंदेणं नाही. देशाची सरासरी आणि तुमची जुनी नोंद, एवढंच.

हा वेडेपणा वाटेल, पण त्यामागे विचार आहे. पैसा या वर्षीच्या पेऱ्याला बांधला तर शेतकरी बाजाराकडे न बघता ज्या पिकाला अनुदान जास्त तेच पेरणार. पेरा वाढला की भाव आणखी पडणार, आणि सरकारचा खर्च आणखी वाढणार. हे अमेरिकेने अनुभवलं आहे.

२००० च्या आसपासच्या वर्षांत पैसा पोत्याला बांधलेला होता. काउंटी कार्यालयात रोज त्या काउंटीचा भाव लागायचा. पीक तारण ठेवून सरकार बुशेलमागे ठराविक कर्ज द्यायचं. भाव त्या कर्जाच्या दराखाली असला, तर पिकलेल्या प्रत्येक बुशेलवर फरक मिळायचा. माल विकलेला असावा अशी अट नव्हती. भाव सगळ्यात खाली असेल त्या दिवशी फरकाचा अर्ज करायचा, माल कोठारात ठेवायचा आणि भाव चढला की विकायचा. २००५ मध्ये कटरिना वादळाने मिसिसिपी नदीच्या मुखाशी धान्याची वाहतूक अडली, नदीकाठच्या राज्यांत मक्याचे भाव गडगडले आणि अनेकांनी नेमका तेव्हाच फरक उचलला. नियमाप्रमाणे ते बरोबर होतं, शेतकऱ्यांचा त्यात दोष नाही. दोष हिशोबाच्या पद्धतीचा होता: फरक एका दिवशी ठरत होता आणि विक्री दुसऱ्याच दिवशी होत होती.

याच्या जोडीला, १९९६ च्या कायद्यापासूनच, दुसरं टोकही गाठलं गेलं होतं. काय पिकवायचं याचं स्वातंत्र्य, आणि भाव असो नसो, जुन्या नोंदीवर ठराविक रक्कम दरवर्षी. हे थेट अनुदान २०१४ पर्यंत चाललं आणि त्यावर वर्षाला सुमारे पाच अब्ज डॉलर जात होते. टेक्ससमध्ये भाताच्या जुन्या जमिनींवर घरं उभी राहिली, आणि तिथल्या रहिवाशांना मागच्या अंगणाच्या जमिनीबद्दल भाताचं अनुदान येत राहिलं. वॉशिंग्टन पोस्टने २००६ मध्ये हे बाहेर काढलं तेव्हा मोठा गदारोळ झाला. पैसा जमिनीला घट्ट बांधला की तो शेती करणाऱ्याला ओळखेनासा होतो, याचा इतका स्वच्छ पुरावा क्वचितच मिळतो.

काउंटीची सरासरी

पीएलसीला एक पर्याय आहे, ‘ॲग्रिकल्चर रिस्क कव्हरेज’, म्हणजे एआरसी. यात नुसता भाव बघत नाहीत. भाव गुणिले उतारा, म्हणजे एकरी उत्पन्न बघतात. भाव देशाचा धरतात आणि उतारा काउंटीचा. मागच्या पाच वर्षांतलं सर्वांत चांगलं आणि सर्वांत वाईट वर्ष वगळून उरलेल्या तीनची सरासरी काढतात. समजा ती ४० बुशेल आणि ५.५० डॉलर निघाली, तर एकरी २२० डॉलर. २०१४ च्या नियमात त्याच्या ८६ टक्क्यांची, म्हणजे १८९ डॉलरची हमी होती. या वर्षी काउंटीचा उतारा ३५ आणि भाव ५ डॉलर, म्हणजे १७५. फरक १४ डॉलर एकरी. तो कितीही मोठा झाला तरी मूळ सरासरीच्या १० टक्क्यांवर, म्हणजे इथे २२ डॉलरवर थांबायचा. तोही पुन्हा बेस एकरांच्या ८५ टक्क्यांवरच.

महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला हे समजवायला जास्त शब्द लागायला नकोत. पीक विम्यात महसूल मंडळाचा उतारा धरतात, पीक कापणी प्रयोग चार-दोन शेतांत होतात, आणि ज्याच्या एकट्याच्या शेतावर पीक बुडालं त्याच्या हाती अनेकदा काही येत नाही, कारण मंडळाची सरासरी चांगली असते. समनर काउंटीतही हेच घडू शकतं. एका कोपऱ्यात गारांनी गहू झोडपला आणि बाकीची काउंटी वाचली, तर एआरसी गप्प. असं वैयक्तिक नुकसान तिथे पीक विमा भरून काढतो. त्याच्या हप्त्यातला निम्म्याहून जास्त भाग केंद्र सरकार भरतं आणि बहुतेक पॉलिसी शेतकऱ्याच्या स्वतःच्या उताऱ्यावर चालतात. तिथलं सरासरीचं अनुदान चालतं ते खालून या विम्याचा आधार आहे म्हणून.

काउंटीची सीमा किती महत्त्वाची ठरू शकते हे २०१९ मध्ये दिसलं. चीनशी व्यापारयुद्ध पेटलं, चीनने अमेरिकेच्या सोयाबीनवर जादा २५ टक्के आयातशुल्क लावलं, आणि ट्रम्प सरकारने शेतकऱ्यांना भरपाई जाहीर केली. २०१८ मध्ये ती पिकाप्रमाणे दिली: सोयाबीनला बुशेलमागे १.६५ डॉलर, मक्याला एक सेंट. मका उत्पादक चिडले. मग २०१९ मध्ये प्रत्येक काउंटीला एकरी एकच दर ठरला, १५ पासून १५० डॉलरपर्यंत. रस्त्याच्या अलीकडे एक काउंटी आणि पलीकडे दुसरी. दोन्हीकडे तेच पीक, तीच माती, आणि एकरी रक्कम वेगळी. दक्षिणेतल्या कापसाच्या काउंट्यांना चढे दर मिळाले, म्हणून उत्तरेकडून बरीच ओरड झाली.

कसणाऱ्याचं काय?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. माझ्या मते या सगळ्या व्यवस्थेचं खरं दुखणं तिच्या जन्मातच आहे.

१९२९ साली गव्हाला बुशेलमागे डॉलरभर भाव होता. १९३२ मध्ये तो ३८ सेंटवर आला. रूझवेल्ट अध्यक्ष झाले आणि १९३३ मध्ये त्यांचे कृषिमंत्री हेन्री वॉलेस यांनी नवा कायदा राबवला: पेरा कमी करा, सरकार भरपाई देईल. कायदा झाला तोवर कापूस उभा होता. म्हणून सुमारे एक कोटी एकर उभा कापूस नांगरून टाकला गेला. करार झाले जमीनमालकांशी, कारण जमीन त्यांची. पैसेही त्यांच्या नावाने आले. कुळांना त्यांचा वाटा द्यावा असं कराराच्या कागदावर होतं. पण पेराच कमी झाल्यावर कुळांची गरज कमी झाली, आणि अर्धेलीने कापूस पिकवणारी हजारो कुटुंबं, काळी आणि गोरी, मिसिसिपीच्या खोऱ्यातून उठवली गेली. जुलै १९३४ मध्ये आर्कान्सामधल्या टायरोन्झा गावी ११ गोरे आणि ७ काळे शेतकरी एकत्र आले आणि त्यांनी कुळांची संघटना उभी केली. वंशभेद कडक असलेल्या त्या भागात असं एकत्र बसणंच जिवावरचं होतं. भाव वाचवणाऱ्या योजनेने ज्यांना उघड्यावर आणलं, त्यांनीच ती संघटना बांधली.

दुसरा प्रश्न, फाइल कुणाच्या हातात. प्रत्येक काउंटीत शेतकऱ्यांनी निवडलेली ३ ते ११ जणांची समिती असते. कल्पना सुंदर आहे: स्थानिक माणसाला स्थानिक शेती कळते. पण दक्षिणेत अनेक दशकं या समित्यांवर गोऱ्या शेतकऱ्यांचंच वर्चस्व राहिलं. कर्ज आणि मदत देताना काळ्या शेतकऱ्यांना डावललं जात होतं, अर्ज पेरणी उलटून जाईपर्यंत पडून राहत होते. नॉर्थ कॅरोलायनातले शेतकरी टिमोथी पिगफर्ड आणि इतरांनी १९९७ मध्ये कृषी खात्यावर दावा लावला. १९९९ च्या तडजोडीतून एक अब्ज डॉलरहून जास्त भरपाई द्यावी लागली, २०१० मध्ये आणखी सव्वा अब्जाची तरतूद झाली. तोपर्यंत १९२० मधल्या सव्वानऊ लाख काळ्या शेतकऱ्यांपैकी बहुतेक शेतीतून बाहेर पडले होते. याला इतरही कारणं होती, पण काउंटी कार्यालयाचा दरवाजा हे त्यातलं मोठं कारण होतं.

आज कुळाला पैसा मिळतो का? कायद्याने मिळतो. रोख खंडाने जमीन करणाऱ्याचा धोका पूर्ण त्याचा, म्हणून अनुदानही त्याचं. वाट्याने केली तर दोघांचं, वाट्याप्रमाणे. फाइलमध्ये मालक आणि कसणारा वेगळे लिहिलेले असतात ते यासाठीच. हा प्रश्न लहान नाही. २०१४ च्या सरकारी पाहणीत अमेरिकेतल्या पीक-जमिनीपैकी निम्म्याहून जास्त भाड्याने कसली जात होती. पण मालकाला माहीत असतं की या जमिनीवर किती बेस आहे, आणि तो खंड तसा वाढवतो. बॅरेट कर्वान या अर्थशास्त्रज्ञाने २००९ मध्ये मांडलेल्या अभ्यासात अनुदानाच्या डॉलरमागे साधारण २५ सेंट वाढीव खंडातून मालकाकडे जातात असं निघालं. म्हणजे बरंचसं कसणाऱ्याकडे राहतं, पण सगळं राहत नाही. शिवाय बेस जमिनीबरोबर विकला जातो, त्यामुळे जमिनीची किंमत चढते आणि नव्याने शेतीत येणाऱ्या तरुणाला ती जड जाते.

मोठ्यांना आवर घालण्यासाठी एका व्यक्तीमागे वार्षिक मर्यादा आहे. २०१४ च्या कायद्यात ती सव्वा लाख डॉलर होती. पण पळवाटा जुन्या आहेत. १९८० च्या दशकात मर्यादा ५० हजारांची असताना मिसिसिपीत एकाच शेतीच्या अनेक कंपन्या काढून प्रत्येकीच्या नावाने पैसे उचलले जात. नावांचा तो पसारा कागदावर काढला की नाताळच्या झाडासारखा दिसे, म्हणून त्याला ‘मिसिसिपी ख्रिसमस ट्री’ असं नाव पडलं. भागीदारीतल्या प्रत्येक भागीदाराला स्वतंत्र मर्यादा मिळते. २०१८ च्या कायद्याने तर भागीदार होऊ शकणाऱ्या कुटुंबात चुलत-मामेभावंडं, भाचे आणि पुतणेही आणून बसवले. आपल्याकडे जमीन धारणेच्या कमाल मर्यादेच्या कायद्यातून कशी वाटण्यांची कागदं निघाली, हे ज्यांना आठवतं त्यांना याचं नवल वाटणार नाही.

विदर्भाच्या कापसाशी नातं

गव्हाचं अनुदान कॅन्ससपुरतं राहील, पण कापसाचं तसं नाही. अमेरिका जगातला मोठा कापूस निर्यातदार. २००१-०२ मध्ये जागतिक बाजारात रुईचा भाव पौंडाला ४० सेंटच्या खाली घसरला, आणि अमेरिकेतला शेतकरी तरीही पेरत राहिला, कारण खड्डा सरकार भरत होतं. माल येत राहिला आणि भाव दबलेलाच राहिला. विदर्भातल्या संकटाला कर्ज, बियाण्याचा खर्च, कोरडवाहू जमीन अशी अनेक कारणं आहेत, पण यवतमाळच्या शेतकऱ्याची स्पर्धा टेक्ससच्या शेतकऱ्याशी नसून वॉशिंग्टनच्या तिजोरीशी होती, हेही तितकंच खरं.

ब्राझीलने २००२ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली आणि २००४-०५ मध्ये जिंकली. पुढे जे झालं ते वाचून मला आजही संताप येतो. अनुदान लगेच बदलण्याऐवजी अमेरिकेने २०१० पासून ब्राझीलच्या कापूस उत्पादकांच्या संस्थेला वर्षाला १४ कोटी ७३ लाख डॉलर देणं मान्य केलं, आणि २०१४ मध्ये ३० कोटी डॉलर देऊन वाद मिटवला. बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली हे आफ्रिकेतले चार गरीब कापूस-देश २००३ पासून हीच तक्रार मांडत होते. त्यांच्या हाती असं काही पडलं नाही. आपल्याही नाही.

२०१४ मध्ये अमेरिकेने कापूस भावफरकाच्या यादीतून काढला. २०१८ मध्ये तो ‘सरकीसकट कापूस’ म्हणून परत आला. जुलै २०२५ मध्ये ट्रम्प यांनी सही केलेल्या मोठ्या कायद्याने त्याचा संदर्भ भाव पौंडाला ३६.७ वरून ४२ सेंट केला. क्विंटलमध्ये बसवलं तर आठ हजार रुपयांच्या थोडं वर. आपला २०२५-२६ चा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये. दोन्ही आकडे जवळजवळ एकच. फरक असा की तिथल्या शेतकऱ्याला फाइलवरच्या बेसवर रक्कम मिळते, आणि आपल्याला सीसीआयच्या, म्हणजे हमीभावाने कापूस घेणाऱ्या केंद्राच्या कापूस महामंडळाच्या, खरेदी केंद्रावर गाडी न्यावी लागते, ओलावा १२ टक्क्यांच्या वर निघाला की गाडी परत. त्याच वर्षी १९ ऑगस्टपासून ३१ डिसेंबरपर्यंत भारताने कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क उठवलं होतं, म्हणजे आपला नवा कापूस बाजारात येण्याच्या ऐन दिवसांत.

भावांतर आणायचं तर

भावफरकाचे आपले प्रयोगही झाले आहेत. मध्य प्रदेशने २०१७ च्या खरिपात भावांतर योजना आणली. पैसा पोत्याला बांधला: बाजार समितीत विक्री, पावती, आणि हमीभाव व सरासरी भाव यांतला फरक. सरासरीत मध्य प्रदेशाबरोबर इतर दोन राज्यांचे बाजार धरले होते. विक्रीची मुदत ठरलेली, म्हणून सगळा माल एकदम आला आणि भाव, विशेषतः उडदाचे, कोसळले. फरक सरकार देणारच आहे, मग आपण चढा भाव कशाला द्यायचा, असा व्यापाऱ्यांचा हिशोब. ज्याने सरासरीपेक्षाही कमी भावात विकलं त्याचा उरलेला तोटा त्याच्याच माथी राहिला. २०२५ मध्ये त्या राज्याने सोयाबीनसाठी योजना पुन्हा सुरू केली.

महाराष्ट्राने २०२३ च्या खरिपातल्या कापूस-सोयाबीनसाठी वेगळी वाट घेतली. हेक्टरी ५,००० रुपये, दोन हेक्टरांपर्यंत. पैसा विक्रीला बांधला नाही, पीकपाहणीतल्या पेऱ्याला बांधला. त्यामुळे व्यापाऱ्याला भाव पाडायचं कारण उरलं नाही आणि दोन हेक्टरांच्या मर्यादेने मोठा खातेदारही रोखला गेला. या दोन्ही गोष्टी मला मनापासून पटल्या. पण रक्कम खातेदाराच्या नावाने. सामायिक खातं असेल तर बाकीच्यांची संमतीपत्रं आणा. आणि ज्याने ती जमीन मक्त्याने किंवा बटाईने केली, बियाणं-खत उधारीवर घेतलं, कापूस वेचून घरी आणला, त्याचं नाव कुठेच नाही. नवऱ्याच्या मागे सासऱ्याच्या नावावरची जमीन कसणाऱ्या बाईचंही नाही.

समनर काउंटीत मालक आणि कसणारा फाइलवर वेगळे असतात. आपल्याकडे तो रकानाच भरला जात नाही. बहुतेक मक्ते तोंडी असतात, कारण कुळकायद्याच्या भीतीने मालक कागद करून देत नाही: नाव लागलं तर जमीन जाईल. २०१६ मध्ये नीती आयोगाने जमीन भाडेपट्ट्याचा आदर्श कायदा मांडला होता. मालकाचा हक्क अबाधित ठेवून कसणाऱ्याला कर्ज, विमा आणि मदत मिळावी एवढाच त्याचा गाभा. महाराष्ट्रात भावांतराची घोषणा पुन्हा होईल तेव्हा हेक्टरी किती हजार यावर भांडण होईलच, ते व्हायलाही हवं. पण शासन निर्णयाचा मसुदा निघण्याआधी ई-पीक पाहणीत ‘प्रत्यक्ष कसणारा’ असा रकाना हवा, मालकाच्या हक्काला त्याने धक्का लागणार नाही हे त्या रकान्याखालीच छापलेलं हवं, आणि ती नोंद गावात येऊन, बांधावर उभं राहून झालेली हवी.